फोटो कागदावर उतरावेत. पण प्रिंटर विकताना ग्राहकाला सगळे सांगावे

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आमच्या ओळखीच्या पाच घरांत गेल्या तीन वर्षांत फोटो छापण्याचे घरगुती प्रिंटर आले आणि त्यांपैकी तीन घरांतले आज शाई वाळून, कापडाने झाकून, कपाटावर पडून आहेत. चौथे घर माझेच होणार होते, ते थोडक्यात टळले. ही यंत्रे वाईट नाहीत. उलट ती फार चांगली आहेत, असे आता चार महिने वापरल्यावर मी खात्रीने म्हणू शकते. परंतु ती आपल्या सोलापूरच्या हवेत, आपल्या घरातल्या माणसांच्या हाती कशी टिकतील, हे विकणाऱ्याने सांगायला हवे आणि घेणाऱ्याने विचारायला हवे. दोन्ही होत नाही, आणि लोकांचे पैसे वाया जातात. याविषयी माझा अनुभव आणि काही मागण्या आपल्या वाचकांपुढे ठेवाव्यात, म्हणून हे पत्र.

प्रिंटर घेण्याचे कारण माझ्या सासूबाई. त्यांचे वय ८४. चाळीस वर्षे त्यांनी विड्या वळल्या. भिजवलेले तेंदूचे पान कातरायचे, चिमूटभर तंबाखू घालून ते बोटांच्या टोकांनी वळायचे, तोंड मुडपायचे आणि दोरा बांधायचा. दिवसाला हजार विड्या याप्रमाणे हे काम केल्याने त्यांच्या बोटांची टोके इतकी गुळगुळीत आणि कोरडी झाली आहेत की मोबाइलच्या काचेला त्यांचा स्पर्श बहुतेक वेळा कळतच नाही, आणि कळतो तेव्हा समोरचा फोटो सरकून भलताच पुढे येतो. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला आमचे सगळे कुटुंब जमले होते. अक्षता सोहळ्याच्या दुसऱ्या दिवशी सिद्धेश्वर तलावाच्या काठावर, मागे मंदिराचे शिखर येईल अशा बेताने, आम्ही १४ जणांचा एक फोटो काढला. पुढचे दोन महिने सासूबाई तो फोटो रोज मागत आणि मी मोबाइल त्यांच्या हातात देत असे. एके दिवशी त्या म्हणाल्या, ‘‘फोटो हातात दे की गं, हे सारखं पळतंय.’’ त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते. माझ्या मोबाइलमध्ये सहा हजारांवर फोटो आहेत आणि गेल्या दहा वर्षांत त्यांपैकी एकही कागदावर उतरलेला नव्हता.

एवढ्या एका फोटोसाठी स्टुडिओत गेले असते तरी काम झाले असते. परंतु दर महिन्याला गावाकडे, नातेवाइकांकडे, माझ्या जुन्या विद्यार्थिनींकडे दोन-चार फोटो पाठवावेत, असे मनात होते आणि त्यासाठी यंत्र घरी असणे सोयीचे वाटले. गुढीपाडव्याला सवलत होती म्हणून शहरातील एका दुकानातून सहा रंगांच्या शाईच्या टाक्या असलेला प्रिंटर घेतला. सहा रंग म्हणजे निळसर सायन, गुलाबीसर मॅजेंटा, पिवळा आणि काळा हे नेहमीचे चार आणि सायन व मॅजेंटाच्या फिकट छटांचे आणखी दोन. चेहऱ्यावरचा उजेड किंवा आकाश यांसारख्या फिकट भागांत गडद ठिपके विरळ टाकले तर ते डोळ्यांना टोचतात, फिकट शाईचे ठिपके दाट टाकता येतात आणि रंग सलग दिसतो. त्या दोन जास्तीच्या टाक्यांचा उपयोग हा. दुकानात मी दोनच प्रश्न विचारले. कागद कोणता लागेल आणि देखभाल काय करावी लागेल. ‘‘कोणताही ग्लॉसी कागद चालतो आणि देखभाल काहीच नाही,’’ असे उत्तर मिळाले. ही दोन्ही उत्तरे चुकीची निघाली.

यंत्र मांडण्याचे काम माझा भाचा सुट्टीला आला होता त्याच्या मदतीने केले. पेटीतल्या पुस्तिकेत बारीक चित्रे आणि इंग्रजी मजकूर होता; मराठी एक ओळही नव्हती. वाहतुकीत आतले भाग हलू नयेत म्हणून यंत्राला जागोजागी निळ्या चिकटपट्ट्या लावलेल्या असतात. त्या आम्ही काढल्या, पण झाकणाच्या आत, ज्या दांडीवरून छपाईचे हेड डावी-उजवीकडे धावते तिथली एक पट्टी राहून गेली. बटण दाबताच हेड त्या पट्टीवर जाऊन आदळले, खडखड आवाज आला आणि लाल दिवा लागला. भाचा म्हणाला, ‘‘मामी, मोडलं बहुतेक.’’ अर्धा तास घाबरून बसल्यावर बॅटरीच्या उजेडात ती पट्टी सापडली. ज्यांना यंत्र नव्याने मांडायचे आहे त्यांनी पट्ट्या काढताना झाकण पूर्ण उघडून, उजेड आत पाडून, दोन वेळा पाहावे. यंत्र सपाट आणि न डगमगणाऱ्या टेबलावर ठेवावे, खिडकीच्या उन्हात किंवा रस्त्याकडच्या धुळीत ठेवू नये आणि शाई भरल्यावर ते तिरपे करून उचलू नये.

शाई भरणे आता सोपे केलेले आहे. आमच्या यंत्रात प्रत्येक बाटलीच्या तोंडाची खाच वेगळी असल्याने एका रंगाची बाटली दुसऱ्या टाकीत बसतच नाही. टाकी भरल्यावर शाई बारीक नळ्यांतून हेडपर्यंत पोहोचायला आमच्याकडे सुमारे वीस मिनिटे लागली. या काळात यंत्र मधेच बंद करायचे नसते, म्हणून वीज जाण्याची भीती नसेल अशी वेळ निवडावी. त्यानंतर नोझल, म्हणजे हेडमधली शाई उडवणारी बारीक छिद्रे, तपासण्याचा एक साधा कागद छापावा. त्यावर प्रत्येक रंगाच्या बारीक रेघांची जाळी उमटते. ती जाळी सलग असली की सगळी छिद्रे मोकळी आहेत असे समजावे, आणि मधे कुठे रेघ तुटली असेल तर त्या रंगाची छिद्रे बंद आहेत. हा एक कागद वाचायला शिकले की निम्मी कटकट संपते, असे माझे मत झाले आहे. मोबाइल जोडताना मात्र आमचा एक तास गेला. बरेच घरगुती प्रिंटर वायफायच्या फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर चालतात आणि आमचा राउटर ५ गिगाहर्ट्झच्याच पट्ट्यावर सुरू होता, त्यामुळे प्रिंटरच्या यादीत आमच्या घरचे वायफाय दिसेचना. राउटरवर २.४ चा पट्टा वेगळ्या नावाने सुरू केल्यावर तो लगेच जोडला गेला.

पहिला फोटो अर्थातच तलावाच्या काठावरचा. चार बाय सहा इंचाचा कागद घातला, छापण्याचा आदेश दिला आणि दोन मिनिटांनी जे बाहेर आले ते पाहून वाईट वाटले. शिखराचा कळस कापला गेला होता, खाली बसलेल्या मुलांची पावले गेली होती, रंग मळकट होते आणि काळ्या केसांवर शाई ओली राहून चमकत होती. या एका फोटोत तीन वेगवेगळ्या चुका होत्या आणि त्या उलगडायला मला आठवडा लागला, म्हणून त्या सविस्तर लिहिते.

पहिली चूक मापाची. मोबाइलचा कॅमेरा सहसा ४ : ३ या प्रमाणात फोटो काढतो आणि चार बाय सहाचा कागद ३ : २ या प्रमाणात असतो. फोटोने कागद काठोकाठ भरायचा तर आडव्या फोटोचा वरचा-खालचा मिळून नववा हिस्सा कापावाच लागतो. शिवाय कडा न सोडता छापताना यंत्र चित्र किंचित मोठे करून कागदाबाहेर सांडू देते, म्हणून आणखी थोडे जाते. यावर उपाय दोन आहेत. एक तर छापण्यापूर्वी मोबाइलमध्येच फोटो ३ : २ या प्रमाणात आपल्या हाताने कापावा, म्हणजे काय जाणार हे आपण ठरवतो; नाही तर पांढरी कड सोडून पूर्ण फोटो छापावा. मला स्वतःला पांढरी कड आवडते. जुन्या कृष्णधवल फोटोंना ती असायची आणि फोटो हाताळताना बोटे चेहऱ्यांवर पडत नाहीत. यापुढे समूहाचा फोटो काढताना मी वर-खाली थोडी मोकळी जागा सोडते.

दुसरी चूक कागदाची. झेरॉक्सचा नेहमीचा कागद ७० ते ८० जीएसएमचा असतो, म्हणजे त्याच्या एक चौरस मीटरचे वजन तितके ग्रॅम भरते. फोटोचा चांगला कागद २३० ते २७० जीएसएमचा असतो. पण केवळ जाडी पाहून चालत नाही. स्वस्त चमकदार कागदावर फक्त एका बाजूला लेप असतो, तो वाळताना वाकतो आणि त्यावरचा रंग लवकर उडतो. चांगल्या कागदात मधल्या कागदाच्या दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकचा पातळ थर असतो आणि त्यावर शाई शोषून घेणारा सूक्ष्म छिद्रांचा लेप असतो, म्हणून तो हाताला स्टुडिओच्या फोटोसारखा लागतो. अशा कागदाच्या पाकिटावर ‘आरसी’ किंवा ‘रेझिन कोटेड’ असे छापलेले असते. ते पाहून घ्यावे. लेपाची बाजू ओळखायची असेल तर बोट किंचित ओले करून कागदाच्या कोपऱ्याला लावावे, लेपाची बाजू बोटाला चिकटते. उलट्या बाजूवर छापले तर शाई थेंबाथेंबाने तशीच उभी राहते आणि आतल्या रुळांनाही लागते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे छापण्याच्या पडद्यावर कागदाचा प्रकार निवडावा लागतो. आम्ही फोटोचा कागद घातला होता, पण पडद्यावर ‘साधा कागद’ तसाच राहिला होता. यंत्राला आत कोणता कागद आहे ते दिसत नाही. आपण जे सांगू त्यानुसार ते शाईचे प्रमाण ठरवते. तो एक शब्द बदलताच त्याच यंत्रातून, त्याच शाईने, त्याच फोटोतले सासूबाईंचे हिरवे इरकल आणि कपाळावरचे गोंदण स्वच्छ उमटले.

तिसरी चूक फोटोचीच होती. तो मूळ फोटो माझ्या दिराच्या मोबाइलवर होता आणि माझ्याकडे कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटातून आलेला होता. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो व्हॉट्सअॅप आकसवते. माझ्याकडे आला तेव्हा त्याची लांब बाजू १६०० पिक्सेलची उरली होती. दर इंचाला ३०० ठिपके धरले तर चार बाय सहाच्या फोटोला १८०० बाय १२०० पिक्सेल लागतात, म्हणजे तेवढ्या आकाराला आलेला फोटो कसाबसा पुरतो. परंतु तोच ए-४ आकारात छापायचा तर ३५०८ बाय २४८० पिक्सेल हवेत आणि तिथे चेहरे मऊ, पुसट दिसू लागतात. छापायचा फोटो मागवताना तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावा, म्हणजे तो मूळ रूपात येतो. ही एक सवय घरातल्या प्रत्येकाला लावण्यासारखी आहे, प्रिंटर घ्या अथवा न घ्या.

रंगांबद्दलची एक गैरसमजूतही माझ्याकडून दूर झाली. मोबाइलवर फोटो उजळ दिसतो आणि कागदावर काळपट, तेव्हा लोक यंत्राला दोष देतात. मोबाइलचा पडदा स्वतः प्रकाश देतो. कागद खोलीतला प्रकाश घेऊन परत पाठवतो. पडद्याचा उजेड निम्म्यावर आणून पाहिले तर कागदावर काय येणार याचा बराच अंदाज येतो, आणि तरीही काळपट वाटला तर छापण्यापूर्वी फोटो थोडा उजळ करावा. रंग पारखायचे ते दिवसा, खिडकीपाशी. पिवळ्या दिव्याखाली सगळेच चेहरे पिवळे दिसतात. मात्र चेहरे एकाएकी लालसर आणि आकाश गुलाबी येऊ लागले तर तो प्रकाशाचा दोष नसून सायन रंगाची छिद्रे बुजल्याची खूण असते. हे मला जून महिन्यात कळले.

मे महिन्यात मी तीन आठवडे मुलीकडे पुण्याला गेले होते. निघण्याच्या गडबडीत शेवटचा फोटो बाहेर येताच, हेड अजून हलत असतानाच, मी भिंतीवरचे बटण बंद केले. आमची वरची खोली पत्र्याची आहे आणि सोलापूरचा मे महिना कसा असतो हे आपल्या वाचकांना सांगायला नको. पारा ४३ अंशांच्या पुढे जातो तेव्हा त्या खोलीत हात लावाल ती वस्तू तापलेली असते. परत आल्यावर पहिलाच फोटो छापला तर सगळ्यांचे चेहरे विटेच्या रंगाचे. नोझल तपासणीच्या कागदावर सायनच्या निम्म्या रेघा गायब होत्या आणि फिकट मॅजेंटाची जाळी जवळजवळ नव्हतीच. एका दुरुस्ती करणाऱ्याला फोनवर विचारले तर यंत्र न पाहताच त्याने हेड गेले म्हणून सांगितले आणि बदलण्याचा जो खर्च सांगितला तो प्रिंटरच्या किमतीच्या जवळजवळ निम्मा होता. ज्या तीन घरांतले प्रिंटर कपाटावर गेले, त्यांची गोष्ट बहुधा इथेच संपली असणार.

या हेडमध्ये असते काय, ते थोडे सांगायला हवे, कारण ते कळले की काळजी आपोआप घेतली जाते. शाई उडवण्याच्या दोन रीती आहेत. एकीत शाई क्षणभर तापवून तिचा बुडबुडा करतात आणि त्याच्या जोराने थेंब बाहेर पडतो. १९७७ साली जपानमध्ये कॅनन कंपनीच्या प्रयोगशाळेत तापलेले सोल्डरिंग आयर्न चुकून शाईच्या सिरिंजला लागले, सुईतून शाई उडाली आणि त्यावरून ही रीत सुचली, असा तिचा इतिहास आहे. दुसऱ्या रीतीत, जी एप्सन कंपनी वापरते, विजेचा दाब दिला की आकार बदलणारे स्फटिक शाईला ढकलतात. रीत कोणतीही असो, थेंब अतिशय लहान असतो. काही फोटो प्रिंटरांचा सर्वांत लहान थेंब दीड पिकोलिटरचा असतो आणि एक पिकोलिटर म्हणजे एका लिटरच्या अब्जाव्या भागाचाही हजारावा भाग. तो ज्या छिद्रातून पडतो ते आपल्या केसापेक्षा बारीक असते. पाण्याची आणि रंगाची शाई अशा छिद्राच्या तोंडाशी उघडी राहिली तर कोरड्या हवेत ती किती लवकर वाळेल, याचा विचार ज्याचा त्याने करावा. म्हणूनच यंत्राच्या स्वतःच्या बटणाने ते बंद केले की हेड एका कडेला जाऊन रबराच्या टोपीवर बसते आणि छिद्रे झाकली जातात. भिंतीवरच्या बटणाने मधेच वीज तोडली तर हेड जिथे असेल तिथे उघडे राहते. मी नेमके तेच केले होते.

सुदैवाने आमचे हेड गेले नव्हते. यंत्रात हेड साफ करण्याची सोय असते. ती मी दोन वेळा वापरली, मग यंत्र बटणाने बंद करून रात्रभर तसेच ठेवले, सकाळी पुन्हा एकदा साफ केले. वाळलेली शाई भिजून सुटायला वेळ लागतो. घाईघाईने एकामागून एक दहा वेळा साफ केले तर ती सगळी शाई यंत्राच्या तळाशी असलेल्या शोषून घेणाऱ्या पट्टीत जाते, पट्टी भरली की यंत्र थांबते आणि तो वेगळाच खर्च उभा राहतो. तिसऱ्या दिवशी सहाही रंगांच्या जाळ्या सलग आल्या. तेव्हापासून मी दर रविवारी एक रंगीत फोटो छापतेच, आणि पुढच्या उन्हाळ्यात दर चार दिवसांनी छापणार आहे. यंत्र खालच्या खोलीत आणले आहे, पण कूलरच्या झोतात ठेवलेले नाही. कूलरच्या दमट हवेने उघड्या पाकिटातले कागद एका रात्रीत द्रोणासारखे वळले, हाही धडा मिळाला. कागद पाकिटात बंद करून, आडवेच ठेवावेत.

आता एक गोष्ट स्पष्टपणे लिहिते, कारण दुकानात ती कोणी सांगत नाही. ज्यांच्या घरी महिन्याला चार-पाचच फोटो छापले जाणार आहेत आणि तेही सणासुदीला, त्यांनी शाईच्या टाक्यांचा प्रिंटर घेऊ नये. त्यांच्यासाठी डाय-सब्लिमेशन या पद्धतीचा लहान प्रिंटर योग्य आहे. त्यात पातळ शाई नसतेच. रिबिनीवर पिवळा, मॅजेंटा आणि सायन असे रंगांचे पट्टे असतात, उष्णतेने रंगाची वाफ होऊन ती कागदात शिरते, कागद एकेका रंगासाठी आत-बाहेर करतो आणि शेवटी चौथ्या फेरीत वरून पारदर्शक थर बसतो. त्यामुळे फोटो हातात येतो तो कोरडा, आणि वर्षभर यंत्र पडून राहिले तरी बुजण्यासारखे त्यात काही नसते. रिबीन आणि कागद एकत्रच विकले जातात, म्हणून एका फोटोचा खर्च आधीच ठरलेला असतो. मर्यादाही आहेत: बहुतेक घरगुती यंत्रांत पोस्टकार्डाएवढाच आकार मिळतो, एका फोटोला खर्च जास्त पडतो आणि रिबिनीवर धूळ बसली तर फोटोवर पांढरे ठिपके येतात. वापरलेल्या रिबिनीवर छापलेल्या प्रत्येक फोटोची उलटी प्रतिमा शिल्लक असते. ती कचऱ्यात टाकताना कापून टाकावी, विशेषतः ओळखपत्रांचे फोटो छापले असतील तर.

खर्चाचा हिशेब मी वहीत ठेवला आहे. पहिल्या ५० कागदांपैकी १९ कागद वाया गेले. त्यापुढच्या ५० पैकी तीन. स्टुडिओपेक्षा घरचा फोटो फार स्वस्त पडतो असे म्हणणाऱ्यांनी ते पहिले १९ कागद आणि साफसफाईत गेलेली शाई धरलेली नसते. लग्नाचे दोनशे फोटो छापायचे असतील किंवा भिंतीवर मोठी तसबीर लावायची असेल तर आजही मी आपल्या शहरातल्या स्टुडिओवाल्यांकडेच जाईन. तिथे प्रकाशाने उमटणाऱ्या चांदीच्या लेपाच्या कागदावर जे फोटो निघतात ते टिकायलाही उत्तम. घरचा प्रिंटर हा आज काढलेला फोटो आजच एखाद्याच्या हातात देण्यासाठी आहे.

टिकण्याबद्दल थोडेसे. आमच्या घरातले १९८२ सालचे लग्नाचे रंगीत फोटो आता लालसर झाले आहेत, आणि त्याच्या आधीचे सासूबाईंचे कृष्णधवल फोटो मात्र जसेच्या तसे आहेत. त्या काळच्या रंगीत कागदातला सायन रंग अंधारात ठेवला तरी हळूहळू उडत असे आणि लाल तेवढा मागे राहत असे. कृष्णधवल फोटोत प्रतिमा चांदीची असते. घरी छापलेल्या फोटोंना सर्वांत मोठा धोका ऊन आणि मोकळी हवा यांचा. फोटो छापल्यावर एक दिवस उघडा वाळू द्यावा, मग काचेच्या चौकटीत लावावा, पण काच फोटोला टेकू देऊ नये, कारण दमट दिवसांत तो काचेला चिकटतो. ज्या अल्बममध्ये चिकट पानावर फोटो ठेवून वरून प्लॅस्टिक ओढतात, त्यांत ठेवू नये; खिशाचे अल्बम चांगले. आणि मागे तारीख व नावे लिहावीत. मी ३१ वर्षे प्राथमिक शिक्षिका होते. विद्यार्थ्यांना डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे आपल्या शहरातील स्मारक दाखवायला नेत असे. १९१० साली इथे जन्मलेला आणि १९४२ साली चीनमध्ये रुग्णसेवा करताना गेलेला हा माणूस मुलांना पाठातून जेवढा कळत नसे तेवढा भिंतीवरच्या छायाचित्रांपुढे उभे राहिल्यावर कळे. मुले बोट दाखवून विचारत, हे कोण, त्यांच्या शेजारी कोण. नाव लिहिलेले असले की उत्तर देता येते.

संपादक महोदय, आता मागण्या. शहरातील प्रिंटर विक्रेत्यांना माझी विनंती आहे की यंत्र विकण्यापूर्वी ग्राहकाच्या मोबाइलमधला एक फोटो त्याच्यासमोर छापून दाखवावा. कंपनीचा तयार नमुना दाखवू नये. महिन्याला किती फोटो छापणार हे विचारून मगच यंत्र सुचवावे. हेड ग्राहकाला बदलता येते की यंत्रातच पक्के बसवलेले आहे, आणि बदलण्याचा खर्च किती, हे विक्रीच्या वेळीच सांगावे. उन्हाळ्यात यंत्र आठवडाभरही बंद ठेवू नये आणि भिंतीवरच्या बटणाने बंद करू नये, ही दोन वाक्ये पावतीच्या मागे छापली तरी पुष्कळ घरांचे नुकसान टळेल. कंपन्यांनी पेटीत मराठी पुस्तिका घालावी. महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या वस्तूबाबत ही काही मोठी अपेक्षा नाही.

महापालिकेलाही एक विनंती. ई-कचरा व्यवस्थापन नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यांत प्रिंटर व त्यांच्या शाईच्या कार्ट्रिज यांचा समावेश आहे. तरीही माझ्या ओळखीच्या त्या तीन घरांना आपले बंद पडलेले यंत्र नेऊन कुठे द्यायचे हे ठाऊक नाही. एक जण तर ते भंगारवाल्याला वजनावर द्यायला निघाला आहे. प्रत्येक विभागीय कार्यालयात अशा वस्तू ठरावीक दिवशी घेतल्या जाव्यात आणि ते दिवस आपल्यासारख्या वृत्तपत्रांतून जाहीर व्हावेत.

या चार महिन्यांत शिकलेल्या गोष्टी मी एका कागदाच्या दोन बाजूंवर मोठ्या अक्षरांत मराठीत लिहून काढल्या आणि नवी पेठेतल्या तीन दुकानांत नेऊन दिल्या. त्यांपैकी एका दुकानदाराने तो कागद वाचून, दोन शंका विचारून, काउंटरच्या काचेखाली लावला आहे. इतर कोणा विक्रेत्याला किंवा शाळेला तो हवा असल्यास आपल्या कार्यालयात त्याच्या २५ प्रती ठेवण्याची परवानगी मिळावी, ही विनंती.

कळावे,
आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका
जुळे सोलापूर